स्नायू उडतात, रिपोर्ट नॉर्मल, तरी एएलएसची भीती जात नाही: आता नेमकं काय करायचं?

वैजू_नाशिक
धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय ३२, बैठं काम, दिवसाला चार-पाच कप चहा, झोप अपुरी. गेले आठ महिने पोटऱ्या, पापणी, कधी दंड, कधी अंगठ्याच्या बुडाशी असं कुठे ना कुठे उडत असतं. दोन न्यूरोलॉजिस्टना दाखवून झालं, दोघांनीही नीट तपासून 'एएलएस (हालचालीच्या चेतापेशी मरत जाऊन ताकद जाण्याचा आजार) नाही' असं सांगितलं. ईएमजी (स्नायूंची विजेची तपासणी) नॉर्मल. बी-१२ थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली.

तरी दिवसभर तपासणी चालूच आहे. आरशात जीभ बघणं, टाचांवर नि चवड्यांवर चालून बघणं, टेपने पोटरी मोजणं, 'चटईला टाचणी टोचली' मोबाइलवर रेकॉर्ड करून कालच्याशी ताडून बघणं. रात्री आम्हाला उठवून विचारतो, "खड्डा पडलाय का इथे, नीट बघ." आता मुंबईला तिसऱ्या डॉक्टरकडे जाऊन ईएमजी परत करायचं म्हणतो.

ईएमजी परत करावं का? ही तपासण्याची सवय कोणत्या क्रमाने मोडायची? आणि औषध लागतं का? 'टेन्शन घेऊ नको म्हणावं' हे सांगून झालंय, त्याच्या पुढचं हवंय.

सुई_आणि_सिग्नल
वैजूताई, तपासणीचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मज्जारज्जूतली एक चेतापेशी, तिचा लांब धागा आणि तो ज्या स्नायुतंतूंना जाऊन मिळतो ते सगळे तंतू, हे मिळून एक युनिट. मेंदूने हुकूम दिलेला नसताना ते एकदा स्वतःहून पेटलं की कातडीखाली काहीतरी उडाल्यासारखं दिसतं. पोटरीतलं एकेक युनिट हजारभर किंवा त्याहून जास्त तंतू हलवतं, म्हणून तिथलं उडणं डोळ्यांना दिसण्याइतकं ठळक. चहा-कॉफी, जागरण, व्यायामानंतरचा थकवा, ताप येऊन गेल्यानंतरचे दिवस, वाढलेलं थायरॉइड, कमी झालेलं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम, दम्याचा साल्बुटामॉलचा पंप, या सगळ्यांनी ते वाढतं. भीतीनेही वाढतं, आणि त्याचं रसायन सरळ आहे: घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मोकळं कॅल्शियम घटतं, चेता चटकन पेटायला लागतात. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात त्याही यामुळेच. खरं तर एएलएस हा हालचालीच्या चेतांचा आजार, मुंग्या आणि बधिरपणा ही त्याची ओळख नव्हे. पण नेटवरच्या याद्यांत सगळं एकत्र कालवलेलं असतं.

एएलएसमध्ये या पेशी मरतात आणि ताकद जाते. ताकद जाणं म्हणजे पाय 'जड वाटणं' नव्हे, काम न जमणं. पाऊल वर उचलत नाही म्हणून चप्पल पायात टिकत नाही, उंबरठ्याला अडखळायला होतं. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. उकिडवं बसलं की आधाराशिवाय उठता येत नाही. बोलणं अस्पष्ट झालंय हे समोरच्याला आधी कळतं. बहुतेकदा हे एका जागी सुरू होऊन शेजारच्या भागात पसरत जातं. आठ महिने सगळ्या अंगभर उड्या मारत फिरणारं आणि ताकदीला धक्का न लावणारं उडणं वेगळ्या गटात बसतं. मात्र उडण्याच्या तऱ्हेवरून घरी बसून निदान करू नये, कोणत्याही बाजूने. ते काम प्रत्यक्ष तपासणीचं.

आकडे सांगतो, पण एकदाच. युरोप-अमेरिकेतल्या नोंदींत हा आजार वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो आणि बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली असते. मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला: सगळ्यांचे स्नायू उडत, तपासणीत दुसरं काही नाही. २ ते ३२ वर्षं लक्ष ठेवलं, एकालाही हा आजार झाला नाही. आणि हा भयगंड फक्त सामान्य माणसाला होतो असं नाही. स्वतःचे स्नायू उडायला लागल्यावर डॉक्टरच या आजाराच्या भीतीने कसे पछाडतात, यावर ऑस्ट्रेलियातल्या न्यूरोलॉजिस्टांनी २०१३ मध्ये लेख लिहिलाय.

आता ईएमजी. आपल्याकडे एक घोळ होतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'एनसीव्ही' असतं, कातडीला पट्ट्या लावून विजेचे झटके देतात, आणि घरी सगळे 'ईएमजी झालं' म्हणतात. एनसीव्हीत चेतांमधला प्रवाह मोजतात. एएलएससाठी महत्त्वाची असते ती सुईची तपासणी. बारीक सुई स्नायूत घालून तो शांत असताना आणि आवळल्यावर काय आवाज आणि काय आलेख येतो ते पाहतात, तेही एका स्नायूत नव्हे तर हात, पाय, पाठ, गरजेप्रमाणे जीभ किंवा हनुवटीखाली. रिपोर्टात स्नायूंची नावं आणि त्यांच्यापुढे शांत अवस्थेतल्या नोंदी आहेत का एवढं पाहा. असतील तर सुईची तपासणी झालेली आहे.

लक्षणं सुरू होऊन काही महिने झाल्यावर केलेली सुईची तपासणी नॉर्मल, ताकद आणि रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर बसणारा झटका) नॉर्मल, एवढं असेल तर 'अजून उडतंय' या कारणासाठी ती परत करू नये. परत करायला कारण लागतं ते नव्याने दिसलेल्या गोष्टीचं, म्हणजे वर सांगितल्यापैकी एखादं काम खरोखर न जमणं किंवा डॉक्टरला स्नायू सुकलेला दिसणं.

परत-परत तपासण्यांनी भीती कमी होत नाही, नवी खाद्यं मिळतात. घाबरलेल्या माणसाचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखेच जोरात येतात. कागदावर '३+' (म्हणजे जोरात) लिहिलं की रात्रभर शोधाशोध. एमआरआयमध्ये एएलएस दिसत नाही, तो इतर कारणं वगळायला असतो, पण मानेची एखादी चकती पुढे आलेली हमखास सापडते. सीके हे रक्तातलं एन्झाइम जिम केल्यावर वाढतं, सुई टोचल्यानेही थोडं वाढतं, म्हणून ते ईएमजीच्या आधीच करून घेतात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), कॅल्शियम, मॅग्नेशियम झालं नसेल तर तेवढं एकदा करा आणि फाइल बंद.

जीभ आणि टेपबद्दलही सांगून ठेवतो. बाहेर काढून ताणलेली जीभ प्रत्येकाची थरथरते. डॉक्टर ती तोंडातच, सैल पडलेली असताना पाहतात. डाव्या-उजव्या पोटरीत सेंटिमीटरभर फरक निरोगी माणसातही असतो, आणि टेप बोटभर वर-खाली झाली तरी आकडा बदलतो. टाचांवर दिवसातून वीस वेळा चालणाऱ्याचे पाय दुखणार, थरथरणार आणि उडणारच.

ओवी_क्लिनिकल
वरचं अगदी बरोबर, पण एक धोका सांगते. ते सगळं भावाला वाचून दाखवलंत तर दोन दिवस बरं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी "माझं त्या १२१ जणांसारखंच असेल कशावरून?" असा प्रश्न येईल. माहिती पोहोचलेली आहे. खाज खाजवल्यावर होतं तसं इथे चालू आहे: दर तपासणीने क्षणभर आराम, मग दुप्पट ओढ. उपचार करायचा तो या ओढीवर.

नावाचं विचाराल तर जुनं 'हायपोकाँड्रिया' (आजाराचा भयगंड) मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ मध्ये काढून टाकलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणाने मात्र ते ठेवलंय आणि ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती मागे लागण्याच्या आजाराच्या) कुटुंबात बसवलंय. उपचारही त्याच दिशेने जातात: सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची मानसोपचार पद्धत), आणि त्यातही 'समोर जायचं पण तपासायचं नाही' हा भाग. इंग्लंडमध्ये रुग्णालयात येणाऱ्या अशा ४४४ जणांवर चाचणी झाली होती. थोड्याच सत्रांनी पडलेला फरक पाच वर्षांनंतरही टिकलेला होता.

पहिला आठवडा काही थांबवायचं नाही. वहीत फक्त नोंद. वेळ, काय जाणवलं, काय केलं (जीभ, टाचा, टेप, गूगल, आईला विचारणं), भीती शंभरपैकी किती, तपासल्यावर पाच मिनिटांनी किती आणि तासाने किती. या शेवटच्या रकान्यासाठीच सगळा खटाटोप. आराम किती मिनिटं टिकतो ते त्याने स्वतःच्या अक्षरात बघायला हवं, आपण सांगून उपयोग नाही.

मग सोप्याकडून अवघडाकडे यादी. एका वेळी एकच सवय. समजा टेप सर्वांत सोपी, तर ती थेट घराबाहेर. जीभ दिवसाला तीस वेळा बघत असेल तर पंधरा, मग आठ, मग तीन, पण *ठरलेल्या घड्याळी वेळेला*. भीती वाटली म्हणून बघायचं नाही, आणि वेळ झाली की भीती नसली तरी बघायचं. हे विचित्र वाटतं, पण भीती आणि बघणं यांची गाठ त्यानेच सुटते. मधल्या वेळी ओढ आली तर उशीर करायचा: आधी दहा मिनिटं, जमलं की अर्धा तास, मग दोन तास. त्या वेळात ओढ चढते आणि आपोआप उतरते, हे अनुभवाला येणं महत्त्वाचं.

गूगलला मात्र हळूहळू कमी करणं लागू पडत नाही, एका शोधातून चाळीस पानं उघडतात. ते सरळ बंद. यूट्यूब आणि इन्स्टाची हिस्टरी पुसून टाका, नाहीतर तो शोधत नसला तरी त्याला रुग्णांचे व्हिडिओ दाखवत राहतील. चॅटबॉटला लक्षणं सांगून विचारणं हेही गूगलच, फक्त ते गोड बोलतं. लक्षणांवर बोलणाऱ्या परदेशी ऑनलाइन गटांमधूनही बाहेर पडायचं, 'मी फक्त वाचतो' ही सवलत नाही.

चोरवाटा ओळखा. टाचांवर चालणं बंद केलं की माणूस जिन्यावर मुद्दाम एका पायाने चढतो. बाटलीचं झाकण उघडताना पकड मोजतो. 'चटईला टाचणी' बंद झालं की 'कच्चा पापड, पक्का पापड' मनात सुरू होतं. मनातल्या मनात कालच्या रिपोर्टची उजळणी हीसुद्धा तपासणीच, आणि ती कोणाला दिसत नसल्याने सर्वांत शेवटी सुटते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून समोर जाणं. तीन मजले भरभर चढायचे म्हणजे पोटऱ्या उडणार, मग खुर्चीत बसून अर्धा तास पोटरीकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. आजाराचं नाव कागदावर लिहून तो टेबलावर ठेवायचा. नंतर स्वतःच्या आवाजात एक उतारा रेकॉर्ड करायचा: "मला हा आजार असेलही, नसेलही. शंभर टक्के खात्री मला कधीच मिळणार नाही. आज मी तरीही कामाला जाणार आहे." रोज पंधरा-वीस मिनिटं ऐकायचा, कंटाळा येईपर्यंत. इथे लोक हमखास चुकतात ते उतारा 'मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे' असा लिहून. ते पुन्हा आश्वासनच झालं. खात्रीशिवाय जगायची सवय लावायची आहे. ती सगळ्यांनाच लागते, फक्त आपल्याला तिची जाणीव नसते.

दीर्घ श्वसनाबद्दल सावध. उडणं थांबवायला श्वसन सुरू केलं की 'थांबलं का?' हे बघणं सुरू होतं. अंगभर लक्ष फिरवण्याचं ध्यानही सुरुवातीला काहींना त्रासाचं जातं, कारण लक्ष आधीच अंगावर चिकटलेलं असतं. त्यापेक्षा बाहेरचं काही: रहदारीतले तीन वेगळे आवाज शोधणं, भाजी निवडणं, कॅरम.

आणि एक. भीती पुढे एमएसकडे (चेतांच्या आवरणाचा आजार), ब्रेन ट्यूमरकडे सरकू शकते. आजार बदलला तरी वही तीच ठेवायची.

वैजू_नाशिक
फार आभार. रिपोर्ट पाहिला, सुईच्या नोंदी आहेत, आठ स्नायूंची नावं आहेत. थायरॉइड नॉर्मल आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम राहिलंय. आता घरचा प्रश्न. आई दर वेळी त्याची पोटरी दाबून "काही नाही रे बाळा" म्हणते. मी उत्तर दिलं नाही की तो तिच्याकडे जातो. आणि बाबा त्याला पंजा लढवायला लावतात, "बघ किती ताकद आहे!" म्हणून.

भिंतीपलीकडे
पंजा आजपासून बंद, ती तपासणीच आहे. हरला तर रात्र गेली, जिंकला तर "बाबा मुद्दाम हरले".

घरच्यांनी अचानक तोंड फिरवू नये. तो बऱ्या मनःस्थितीत असताना, रविवारी सकाळी वगैरे, चौघं बसून ठरवा. वाक्य त्याच्याच तोंडून येऊ द्या. साधारण असं चालतं: "हा त्या यादीतला प्रश्न आहे. याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. भीती वाटतेय हे कळतंय मला. चल, जरा खाली चक्कर मारू." यात तीन गोष्टी आहेत: प्रश्न ओळखणं, भावना मान्य करणं, दुसऱ्या कामाला लागणं. मधली गाळली तर ते तुसडं लागतं आणि भांडण होतं.

आईंना 'बोलू नका' सांगितलं तर त्यांना अपराधी वाटणार. त्यांना करायला काहीतरी द्या. डोक्यावरून हात फिरवा, चहा नको दूध द्या, शेजारी बसा, फक्त त्या जागेकडे बघू नका आणि 'काही नाही' म्हणू नका. एकदम शून्यावर येणं जमत नसेल तर दिवसाला तीन प्रश्नांचा कोटा ठेवा आणि दर आठवड्याला एक कमी करा.

पहिले चार-पाच दिवस त्याचे प्रश्न वाढतील, आवाज चढेल, "तुम्हाला माझी पर्वा नाही" हेही येईल. बहुतेक घरं इथेच हरतात. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता कोणीतरी विरघळून टॉर्च लावून जीभ बघतं, आणि त्याला शिकायला मिळतं की चार दिवस ताणलं की उत्तर मिळतं. ते न करण्याइतकी तयारी नसेल तर सुरू करायला एक आठवडा थांबा. 'वेडा झालास का', 'लग्न झालं की जाईल' ही वाक्यं दोन्ही बाजूंनी निरुपयोगी.

गोळी_वेळेवर
औषधाचं. रोजचं काम चालतंय, तो ऑफिसला जातोय, जेवतोय, तर आधी दोन-तीन महिने सीबीटी करून पाहायला हरकत नाही. झोप उडालीय, काम बंद पडलंय, उदास आहे, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे आत्ताच. सहसा एसएसआरआय या चिंता-उदासीवरच्या गटातली गोळी देतात: सरट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन. कोणती आणि किती ते डॉक्टरच ठरवतील.

घोटाळा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. मळमळ, बेचैनी, हाताला बारीक कंप, काहींचं स्नायू उडणंही थोडं वाढतं. ज्याला याच लक्षणाची भीती आहे तो चौथ्या दिवशी गोळी कचऱ्यात टाकतो. म्हणून डॉक्टरला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की भीती नेमकी कशाची आहे. ते अगदी कमी मात्रेने सुरू करतात. फरक जाणवायला चार ते सहा आठवडे, पूर्ण परिणामाला तीन महिन्यांपर्यंत. बरं वाटलं म्हणून एकदम सोडायची नाही, नाहीतर चक्कर आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि मग पुन्हा न्यूरोलॉजिस्ट.

क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या गोळीबद्दल कडक बोलतो. लगेच गुण येतो म्हणून ती आवडते, पण सवय लागते, आणि ओवी सांगतात तो सराव गोळीच्या गुंगीत केला तर मेंदू शिकतो एवढंच की 'गोळीने वाचलो'. डॉक्टरने थोड्या दिवसांसाठी दिली तर तेवढेच दिवस.

बी-१२ झालं हे चांगलं, पुढे सांगितलेल्या मात्रेत चालू ठेवा. पण 'नसांसाठी' म्हणून स्वतःहून बी-कॉम्प्लेक्सच्या जोरदार गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ पोटात गेलं तर ते स्वतःच चेतांना इजा करतं, हातापायांना मुंग्या येतात. चहा पाचावरून दोनावर आणा, पण रोज एक कप कमी करत. एकदम सोडला तर डोकं दुखेल आणि त्याला ट्यूमर आठवेल.

ओवी_क्लिनिकल
सीबीटीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना फोनवरच विचारा: ओसीडी किंवा आरोग्यचिंतेसाठी एक्सपोजर (भीतीच्या समोर जाण्याचा सराव) करता का, घरी करायचा अभ्यास देता का? 'आम्ही बोलून मन मोकळं करतो' एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर. साधारण १२ ते १६ सत्रं धरून चाला. खाजगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. त्याच्या तोंडी 'यापेक्षा मेलेलं बरं' असं आलं तर हे ठरलेलं वाक्य वगैरे बाजूला, सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर.

सुई_आणि_सिग्नल
तिसऱ्या डॉक्टरबद्दल राहिलं. मुंबईची फेरी रद्द करा. आधीच्या दोघांपैकी ज्यांच्यावर त्याचा जास्त विश्वास आहे त्यांच्याकडे सहा महिन्यांनी एक भेट आत्ताच ठरवून ठेवा. तारीख कॅलेंडरवर. ती भेट लक्षणं असोत-नसोत व्हायची, आणि मधल्या काळात 'दाखवून येऊ' नाही. अपवाद फक्त काम न जमण्याचा: बटण, चप्पल, उकिडवं उठणं, बोलणं. तेही त्याने मुद्दाम करून बघितलेलं धरायचं नाही, रोजच्या व्यवहारात अडलं आणि दोन आठवडे सलग अडत राहिलं तरच. गिळताना गुदमरल्यासारखं होणं किंवा आडवं पडल्यावर धाप लागणं याला मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. पण घाबरल्यावर घशात गोळा आल्यासारखं वाटतं आणि जेवण सुरळीत जातं, तर तो या यादीत येत नाही.

रिपोर्टांची फाइल तुमच्याकडे राहू द्या. त्याच्या मोबाइलमधले रिपोर्टांचे, जिभेचे आणि पोटरीचे फोटो, व्हॉइस रेकॉर्डिंगसकट, त्याने स्वतःच्या हाताने पुसायचे.